बापाची गुप्त जागा

रेजिस लागार्दने आपणहून सायकलच्या सहलीचा विषय काढला, तिथेच ओदीलला संशय यायला हवा होता.

कारण रेजिस विमा कंपनीत दाव्यांच्या खात्यात होता. माणूस कशाकशाने मरू शकतो, हे त्याला डॉक्टरांपेक्षा जास्त ठाऊक. शिडीवरून, बाथटबात, शिळ्या शिंपल्यांनी, शेजाऱ्याच्या कुत्र्याने. एक जण तर गडगडत आलेल्या चीजच्या चाकाखाली सापडून गेला होता (ही फाइल रेजिस पाहुण्यांना जेवणानंतर फार आवडीने सांगायचा). ओदील दरवर्षी म्हणायची, "चल ना रे, तंबू घेऊ, सायकली काढू, खेड्यापाड्यांतून हिंडू." आणि रेजिस दरवर्षी तिला ट्रक, वीज, गांधीलमाश्या आणि गोचिडी यांची इत्थंभूत माहिती द्यायचा. विषय संपायचा.

आणि यंदा सप्टेंबर लागला न लागला तोच हा पठ्ठ्या कॉफीत पाव बुडवता बुडवता म्हणतो काय, "ओदील, या वर्षी सायकलने जाऊ या. कोरेझच्या बाजूला. बाबांचं जुनं गाव, साँ-मोरील, वाटेतच पडेल. नदीकाठी गावचं छान कॅम्पिंगचं मैदान आहे म्हणे."

ओदीलच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. बिचारीने लगेच बहिणींना फोन करून कळवलं, की पुरुष सुधारतात गं, फक्त वेळ लागतो.

सुधारतात कसले! खरी गोष्ट वेगळीच होती. मागल्या हिवाळ्यात रेजिसचा बाप, एमिल लागार्द, दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होता. त्याने नर्सला बाहेर काढलं, सुनेला बाहेर काढलं, स्वतःच्या बायकोलाही बाहेर काढलं, रेजिसला जवळ बोलावलं आणि त्याच्या कानात सेपची जागा सांगितली.

सेप म्हणजे अळंबी. पण नुसती अळंबी म्हणाल तर इकडची माणसं तुम्हाला परत घरात घेणार नाहीत. जाड देठाची, तपकिरी टोपीची, लोण्यात लसूण घालून परतली की शेजारी भिंतीला कान लावतात अशी ती अळंबी. ती जंगलात ठरलेल्या ठिकाणीच येते, आणि ते ठिकाण माणूस बायकोला सांगत नाही, पाद्र्यालाही सांगत नाही. घराचं मृत्युपत्र करतात, शेताचं करतात, जागेचं करत नाहीत. ती कानात सांगायची आणि डोळे मिटायचे.

रेजिस त्या दिवशी ढसाढसा रडला. बाप गेला म्हणून तर रडलाच, पण खरं म्हणजे बापाने आपल्याला निवडलं म्हणून रडला. उभ्या जन्मात ज्याने कधी मोटारीची किल्ली हातात दिली नाही, "बरं केलंस" एवढं म्हटलं नाही, त्याने जाताना ही ठेव दिली! आपण बापाच्या खिजगणतीत होतो, याचा जगात तेवढा एकच पुरावा, आणि तो रेजिसने छातीशी धरून ठेवला होता.

आता तुम्ही म्हणाल, मग मोटारीने जायचं सरळ. अहो, कसं जाणार? सेपच्या दिवसांत परगावची गाडी जंगलाच्या कडेला उभी दिसली, की गावकरी तिच्या चारही चाकांतली हवा सोडतात, ते एक. आणि गाडी जिथे उभी तिथे जागा जवळच असणार, हे सगळ्या पंचक्रोशीला कळतं, ते दुसरं. पण सायकलवाल्यावर कोण संशय घेणार? भडक रंगाची घट्ट चड्डी घालून चढावर धापा टाकणाऱ्या माणसाची लोकांना फक्त कीव येते. रेजिसला हे सुचलं, तेव्हा आपण बापाला शोभलो असं त्याला वाटलं.

प्रवासात त्याच्या जिवाचं पाणी पाणी झालं, ते सगळं सांगत बसत नाही. मागून ट्रक आला की तो सायकल घेऊन सरळ खंदकात उतरायचा. ट्रॅक्टर आला तरी उतरायचा. एकदा पोस्टाची व्हॅन आली तेव्हाही उतरला, आणि पोस्टमन खाली उतरून "बरं आहे ना?" असं विचारून गेला. ओदील पुढे शीळ घालत चालली होती. तिच्या मते हे सगळं हा माणूस केवळ आपल्यासाठी सोसत होता.

साँ-मोरीलच्या मैदानावर त्यांना ओक्ताव भेटला. हा तिथला राखणदार. मिश्या पांढऱ्या, टोपी डोळ्यांवर, आणि नजर अशी की रेजिसला उगाचच खिसे चाचपावेसे वाटले.

"कुठनं आलात?" ओक्ताव म्हणाला.

"लिऑनहून. सायकलने. निसर्ग बघायला."

"अळंब्यांना आलात?"

"छे छे छे! मला अळंबी चालतच नाही. अंगावर पुरळ उठतं."

"हं," ओक्ताव म्हणाला.

त्या "हं"ने रेजिसला तंबूत धड झोप लागली नाही. (त्यात गोचिडीही होत्याच डोक्यात.)

सकाळी तो ओदीलला म्हणाला, "मी पाव घेऊन येतो," आणि पावाची कापडी पिशवी हँडलला अडकवून निघाला. बेकरी उजवीकडे होती, हा डावीकडे वळला. बापाने सांगितलेल्या सगळ्या खुणा जिथल्या तिथे होत्या. गावच्या बायका पूर्वी जिथे धुणं धूत तो जुना दगडी हौद, त्याच्यामागे पडकी भिंत, भिंतीकडेला नेच्यांचं रान आणि तीन ओक. आणि ओकच्या बुडाशी, देवाशप्पथ, सेप! एकीच्या शेजारी एक, जणू कुणी मांडून ठेवल्या असाव्यात.

रेजिसच्या तोंडून "बाबा!" असा हुंदका निघाला. तेवढ्यात भिंतीपलीकडे पाचोळा चुरचुरला.

कुणीतरी आलं! रेजिस धाडकन नेच्यांत आडवा झाला. चष्म्यावर घामाची वाफ धरली. पावलं जवळ आली, थांबली, फुरफुरली, आणि भिंतीवरून गाईने तोंड पुढे केलं. पण गाय आली म्हणजे गायवाला येणार! रेजिस तसाच पोटावर सरपटत गेला, हाताला लागेल ते उपटून पिशवीत कोंबलं, आणि सायकलवर टांग टाकून जो सुटला तो बेकरीच्या दारात थांबला.

"बेकरीवाल्या बाईने दिल्या," तो ओदीलला म्हणाला. "फार प्रेमळ बाई आहे."

ओदीलने अळंब्यांना लागलेल्या मातीकडे पाहिलं, रेजिसच्या गुडघ्यांना लागलेल्या मातीकडे पाहिलं, आणि चाकू काढला. छोट्या स्टोव्हवर लोणी वितळलं, लसूण पडला, अळंब्या पडल्या, वर अंडी पडली. असं ऑम्लेट रेजिसने जन्मात खाल्लं नव्हतं. प्रत्येक घासाला त्याला बाप आठवत होता, आणि प्रत्येक घासाला बाप जरा जास्तच प्रेमळ होत चालला होता.

ओदील पावाच्या तुकड्याने तवा पुसत म्हणाली, "आणि ती एक किती गोड होती रे! देठाला चक्क झालर! लहान मुलीच्या फ्रॉकला असते ना, तश्शी."

रेजिसने काटा खाली ठेवला.

"काय होती?"

"झालर. देठाभोवती."

"सेपला झालर नसते, ओदील."

"या एकीला होती."

"टोपी कसली होती तिची? कुठला रंग?"

"फिकट. हिरवट म्हण, तपकिरी म्हण. मी चिरत होते, चित्र नव्हते काढत."

फिकट. हिरवट. झालर. रेजिसच्या डोळ्यांपुढे कार्यालयातलं लाल लेबलांचं कपाटच्या कपाट उघडलं. अमानिता! जिच्या एका टोपीत अख्खं कुटुंब आटोपतं ती अमानिता!

"मेलो," तो म्हणाला. "तू पण मेलीस."

"मला तर छान वाटतंय."

"तेच! तेच तर लक्षण आहे! अमानिता खाल्ली की पहिले कितीतरी तास माणसाला एकदम छान वाटतं. आणि मग यकृत..." यकृताचं पुढे काय होतं ते त्याला सांगवेना.

आता ओदीलचाही चेहरा उतरला. "रुग्णवाहिका बोलावू?"

"नको! ते पहिला प्रश्न विचारणार, कुठं तोडली?"

"मग सांगायचं, बेकरीवाल्या बाईने दिली."

रेजिस चष्मा पुसायला लागला. या देशात अळंबी तोडली की गावच्या केमिस्टला दाखवून मग खावी, हे शाळकरी पोरालाही माहीत असतं. पण केमिस्टकडे सतरा गिऱ्हाइकं असतात, पिशवी उघडली की सतरा माना वाकतात, म्हणून त्याने ते टाळलं होतं. आता मात्र इलाज नव्हता. त्याने कचऱ्याच्या पिशवीत हात घातला, झालरीसकट देठाचा एक तुकडा शोधला, रुमालात गुंडाळला, आणि दोघं निघाली.

नदी खाली, गाव वर. रस्ता नुसता चढाचा. "हळू चालव," रेजिस कण्हत म्हणाला, "दमल्याने विष लवकर भिनतं." थोडं पुढे गेल्यावर म्हणाला, "जोरात चालव, वेळ जातोय." ओदीलने एका हाताने स्वतःची सायकल धरली आणि दुसऱ्या हाताने त्याला मागून ढकलत वर नेलं. मरणाच्या दारातही ती बाई चढ चढत होती, आणि हे पाहून रेजिसला गलबलून आलं.

वर पोचले तर औषधाच्या दुकानाचं शटर खाली. जेवणाची सुट्टी!

"बेल वाजव," ओदील म्हणाली. "पाटीवर लिहिलंय, बाई वरच राहतात. बशांचा आवाज येतोय."

"जेवताना?" रेजिस दचकलाच. "वेड लागलंय का तुला? लोक काय म्हणतील?"

"अरे, आपण मरतोय!"

"म्हणून कुणाला जेवणावरून उठवायचं?"

ओदीलने बेलच्या दिशेने हात नेला, घुटमळली, आणि मागे घेतला. शेवटी तीही याच देशातली, जिथे जेवत्या माणसाला कुणी उठवत नाही. वरून भाजलेल्या कोंबडीचा वास येत होता. दोघं पायरीवर बसून राहिली. रेजिस दर थोड्या वेळाने जीभ बाहेर काढून ओदीलला दाखवी आणि मग तिची बघे. हळूहळू दुपारची गिऱ्हाइकं जमायला लागली. टोपल्या घेऊन दोन बायका आल्या, एक काठीवाले आजोबा आले, आणि मग टोपी डोळ्यांवर ओढलेला ओक्ताव आला, रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला.

मरताना तरी खोटं नको, असं रेजिसला वाटलं. "ओदील," तो कुजबुजला, "बेकरीवालीने नाही दिल्या. बाबांनी जागा सांगितली होती. तेवढ्यासाठीच आलो आपण. सायकल म्हणजे... कुणाला कळू नये म्हणून."

ओदील त्याच्याकडे वळली. "म्हणजे ही सहल माझ्यासाठी नव्हती?"

"तुझ्यासाठी पण होती. नंतर झाली. वाटेत."

"मी बहिणींना फोन केले रे," ती म्हणाली. तिचा आवाज असा बारीक झाला की रेजिसला विषापेक्षा त्याचंच जास्त लागलं.

एवढ्यात शटर वर गेलं.

केमिस्ट मादाम देल्मा म्हणजे ठेंगणी, ठसठशीत बाई. तोंड रुमालाने टिपत गल्ल्यामागे आल्या. रेजिसने तुकडा पुढे ठेवला आणि एका दमात सगळं सांगितलं. बाईंनी भिंग काढलं, तुकडा उलटा केला, सुलटा केला, हुंगला.

"टोपी कुठाय?"

"खाल्ली."

"अरे देवा." मागच्या बायकांनी छातीवर क्रूस काढला. "हे बघा मस्यू, एवढ्या तुकड्यावरून मी काही सांगू शकत नाही. छत्री अळंबीलाही झालर असते, ती खायची असते. अमानितालाही असते. छत्री उघड्यावर, परसात, गवतात येते. अमानिता ओकखाली. तेव्हा सांगा, ही तोडलीत कुठं?"

काठीवाल्या आजोबांनी कानातलं यंत्र नीट बसवलं. टोपलीवाल्या बायका टूथपेस्टचं खोकं वाचत वाचत दोन पावलं पुढे सरकल्या.

"जंगलात," रेजिस म्हणाला.

"कुठल्या?"

"झाडांच्या."

"मस्यू, कुठल्या झाडांच्या?"

"तुमच्या कानात सांगू?"

"सांगा."

रेजिस पुढे वाकला आणि थबकला. "तुम्ही स्वतः जाता का सेपला?"

"सगळेच जातात."

रेजिस परत सरळ उभा राहिला.

"रेजिस!" ओदील ओरडली. "आपण मरतोय!"

"एक मिनिट. विचार करू दे."

"विचार? कसला विचार?"

काय सांगणार बिचारा? बापाने आयुष्यात एकदाच त्याच्यावर विश्वास टाकला होता, आणि तो त्याने परक्या दुकानात, टूथपेस्टच्या खोक्यापुढे सांडायचा? मेलो तर जागा तरी राहील, असं एक क्षण त्याच्या मनात आलंसुद्धा. मग त्याने ओदीलकडे पाहिलं. डोक्यावर हेल्मेट तिरकं, हनुवटीखाली पट्टा तसाच, गालावरून पाणी चाललेलं, आणि हात अजून त्याच्या पाठीवर, जसा चढावर होता तसाच.

"बाबा, माफ करा!" रेजिसने टाहो फोडला. "धुण्याच्या जुन्या हौदामागे! पडक्या भिंतीच्या कडेला, नेच्यांत, तीन ओकच्या बुडाशी!"

झालं. त्याने डोळे मिटून घेतले. आता दाराकडे धावाधाव होणार, टोपल्या हिसकल्या जाणार, हौदामागे रांग लागणार.

कुणीच हललं नाही. त्याने एक डोळा उघडला. मादाम देल्मा भिंग ठेवत होत्या.

"हौदामागे? नक्की?"

"नक्की."

"हुश्श!" बाई म्हणाल्या. "मग जा, कॉफी प्या. काही होत नाही तुम्हाला."

"कशावरून?"

"ती झालरवाली माझ्या परसातली आहे. छत्री. काल संध्याकाळी मीच ओक्तावकडे दिली, आणि ओक्तावने ती तिथे खोचली."

रेजिसने ओक्तावकडे पाहिलं. ओक्ताव टोपी मागे सारून डोकं खाजवत होता.

"त्याचं असंय मस्यू," तो म्हणाला, "बाहेरची मंडळी येतात. काहीच नाही मिळालं, की वर डोंगरात शिरतात, आमच्या जागांवर. तेच दोन-चार मिळाल्या की फोटो काढतात आणि खूश होऊन घरी जातात. म्हणून आम्ही हौदामागे ठेवतो. सगळ्या बघून, पारखून, हं! मादाम एकेक तपासून देतात. पाहुणा मेला तर गावाची अब्रू काय राहिली?"

"पण मला बाबांनी सांगितली होती!" रेजिसचा आवाज चिरकला. "मरताना! कानात! एमिल लागार्दनी!"

"एमिल!" अख्खं दुकान एका सुरात म्हणालं. काठीवाल्या आजोबांनी टोपी काढली. "अरे, तू एमिलचा पोरगा!" ओक्तावने त्याला मिठीच मारली. "आधी नाही का सांगायचं! ही सगळी त्याचीच तर कल्पना! काय डोकं होतं! म्हणायचा, जागा नुसती सांगू नका रे, कानात सांगा. कानात सांगितलेलं माणूस खरं मानतो."

"आम्हाला वाटायचं, आता कुणाला गंडवायचं त्याने शिल्लक ठेवलं नसेल," एक टोपलीवाली डोळे पुसत म्हणाली.

रेजिस शेजारच्या वजनकाट्यावर मटकन बसला. तो जगणार होता, यकृत शाबूत होतं, पण त्याला जराही आनंद झाला नाही. बाप त्याच्यासाठी आत्ता दुसऱ्यांदा गेला होता. ओदीलने ओठ चावून धरला, मान फिरवली, खोकल्याच्या औषधांच्या फळीला धरलं, आणि शेवटी न राहवून अशी हसत सुटली की बाटल्या किणकिणल्या. सहलीचा राग तिथेच निवळल्यासारखा दिसला.

"पण काय रे," ओक्ताव जरा खाकरून म्हणाला, "तू सगळ्याच उपटल्यास? लोक दोन-तीन घेतात, बाकीच्या ठेवतात. उद्या बेल्जियमचे लोक यायचेत, तेही सायकलींवर. त्यांना मी काय दाखवू?"

सगळे रेजिसकडे बघायला लागले. रेजिसने मान खाली घातली. मग हळूच हात मागे नेला, जर्सीच्या पाठीवरल्या खिशाची चेन उघडली, आणि कागदात नीट गुंडाळलेल्या दोन सेप बाहेर काढल्या. गुबगुबीत, निखळ, कुठे डाग नाही. पिशवीतल्या सगळ्यांत चांगल्या.

ओक्ताव खूश झाला. त्याने त्या टोपीत ठेवल्या आणि गोळ्यांच्या रांगेत परत जाऊन उभा राहिला.

ओदीलचं हसू मात्र थांबलं होतं.

"ह्या दोन," ती शांतपणे म्हणाली, "मला कधी दिसणार होत्या?"

आणि सकाळपासून पहिल्यांदाच रेजिसच्या पोटात खरोखर दुखायला लागलं.